संत्र्याचा रस फाटतो आणि कडू होतो: नागपुरातल्या एका लघुउद्योगाचं प्रकरण

या प्रकरणातलं युनिट आणि तिथली निरीक्षणं अभ्यासासाठी रचलेली आहेत. फळ, रसायन आणि हिशेबाची रीत मात्र संत्र्याचा रस बाटलीबंद करणाऱ्या कुठल्याही छोट्या युनिटला लागू पडते.

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. कळमना बाजारात आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुलणारी) संत्री येऊ लागलेली, बऱ्याच फळांच्या देठाजवळ अजून हिरवी झाक. काटोल रोडकडचा महिलांचा एक बचत गट रोज ४० किलो फळ घेऊन सुमारे १७ लिटर रस काढतो आणि २०० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत भरून विकतो. पाणी नाही, साखर नाही. गटाची तक्रार अगदी थोडक्यात होती: "रस फाटते, अन् कडू लागते."

कडूपणा त्याच संध्याकाळी जाणवायचा. फाटण्याला तीन-चार दिवस लागायचे. बाटलीत वर पिवळसर, आरपार दिसणारं पाणी आणि तळाला दोन बोटं जाडीचा गाळ. हलवलं की एक व्हायचा, थोड्या वेळाने पुन्हा खाली बसायचा. गटातल्या ताईंना वाटलं, रस नासतोय. म्हणून रस टिकवायला घालायच्या सोडियम बेंझोएटचं प्रमाण वाढवलं. फाटणं थांबलं नाही, उलट चवीत एक चरचरीतपणा आला.

आधी रोजची रीत पाहू. फळ धुणं, हाताने सोलणं, फोडी बियांसकट स्क्रू प्रेसमध्ये घालणं, रस मलमलीतून गाळून स्टीलच्या गंजात (मोठ्या पातेल्यात) साठवणं, सगळा रस निघाला की बाटल्या भरणं, झाकणं लावणं आणि मग ४०-४० बाटल्या ८५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटं ठेवणं. पहिला रस सकाळी नऊला निघायचा, टाकीत पहिल्या बाटल्या साडेअकराला जायच्या. थंड झाल्या की ४ अंशांवर फ्रीजमध्ये.

नासणं नव्हे, हे कशावरून

बाटलीत वायू नव्हता, झाकण फुगलेलं नव्हतं, दारूचा किंवा शिरक्याचा वास नव्हता. पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) पहिल्या दिवशी ३.६ आणि चौथ्या दिवशीही ३.६. यीस्ट किंवा जिवाणू वाढले असते तर यातलं काहीतरी बदललंच असतं. बेंझोएट सूक्ष्मजीवांची वाढ रोखतं. जिथे सूक्ष्मजीवच कारण नाहीत तिथे ते दुप्पट घाला की चौपट.

दुसरा संशय बोअरच्या पाण्यावर होता, कारण त्यात कॅल्शियम असतं आणि कॅल्शियमचा या गाळाशी संबंध आहेच. पण इथे बोअरचं पाणी फक्त बाटल्या विसळायला वापरलं जायचं. रसात स्वतःचं कॅल्शियम लिटरमागे साधारण १०० मिलीग्रॅम असतं, त्यापुढे विसळल्यावर राहिलेल्या चार थेंबांची काय कथा.

निकाल चार बाटल्यांनी दिला. पहिलीत ताजा, न तापवलेला रस. दुसरी युनिटच्या नेहमीच्या पद्धतीची. तिसरीसाठी अर्धा लिटर रस पसरट पातेल्यात ढवळत दोन मिनिटांत ९२ अंशांवर नेला, एक मिनिट तिथेच ठेवला आणि बर्फाच्या पाण्यात थंड केला. चौथीत तिसरीसारखाच रस १९० मिली, वर ताजा रस १० मिली. चारही ४ अंशांवर ठेवल्या. पहिली सर्वांत आधी फाटली. तिसरी दहा दिवस एकसारखी गढूळ, म्हणजे हवी तशी, राहिली. दुसरी आणि चौथी मात्र थोड्याफार फरकाने एकाच सुमारास फाटल्या.

चौथी बाटली सगळ्यात बोलकी आहे. जे काही रस फाडतं ते ताज्या रसात आहे, ९२ अंशांवर एका मिनिटात निकामी होतं, आणि वीस भागांत एक भाग मिसळलं तरी बाकीच्या एकोणीस भागांना पुरतं. कॅल्शियमसारखं खनिज उष्णतेने नाहीसं होत नाही. थोडकं असून पुन्हापुन्हा वापरलं जाणारं आणि उष्णतेने मोडणारं असं रसात एकच असतं, ते म्हणजे एन्झाइम (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन). शिवाय दुसरी बाटली चौथीच्या बरोबरीने फाटली, याचा अर्थ टाकीतून निघालेल्या बाटलीतही मूळ एन्झाइमपैकी काही टक्के शाबूत असणार.

तिसऱ्या बाटलीने मात्र एक नवा पेच टाकला. ती फाटली नाही, पण थंड होताच चाखली तर कडू. तोच रस न तापवता लगेच चाखला तेव्हा गोड होता. तेव्हा हे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि उष्णतेशी त्यांचं नातं उलटसुलट आहे.

रस फाडणारं एन्झाइम

संत्र्याच्या रसाचा गढूळपणा म्हणजे पेशीभित्तिकांचे बारीक तुकडे, प्रथिनं आणि तेलाचे सूक्ष्म थेंब. ते तरंगत राहतात त्याचं एक मोठं कारण रसात विरघळलेलं पेक्टिन. पेक्टिन ही गॅलॅक्टुरोनिक आम्लाच्या शेकडो घटकांची साखळी आहे. तिच्यातल्या बऱ्याच आम्लगटांवर मिथाइल गट बसलेले असतात, त्यामुळे त्या जागी विद्युतभार नसतो.

पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे एन्झाइम पाण्याचा एक रेणू वापरून हा मिथाइल गट काढतं. मिथेनॉल सुटतं (आरोग्याचा प्रश्न येण्याइतकं नाही) आणि साखळीवर ऋणभाराचा आम्लगट उघडा पडतो. वनस्पतींमधलं हे एन्झाइम एका जागी चावा घेऊन निघून जात नाही. ते साखळीला धरून ओळीने शेजारशेजारचे मिथाइल गट काढत जातं. त्यामुळे ऋणभारांचे सलग पट्टे तयार होतात. दोन धनभारांचा कॅल्शियम आयन असे दोन साखळ्यांवरचे पट्टे एकमेकांना बांधतो. साखळ्यांचं जाळं होतं, ते आकसतं आणि तरंगणारे कण सोबत घेऊन तळाला बसतं.

झाडावरच्या फळात हे का होत नाही? कारण तिथे हे एन्झाइम पेशीभित्तिकेतच असतं आणि तिथे त्याला काम आहे: भित्तिका कुठे घट्ट, कुठे सैल करायची ते पेशी या एन्झाइमच्या मदतीने ठरवते. पीएच, आयनांचं प्रमाण आणि काही वनस्पतींत त्याला जखडून ठेवणारी खास प्रथिनं हे त्याचे लगाम. असं एक रोधक प्रथिन किवी फळात सापडलेलं आहे. प्रेसमध्ये भित्तिका फाटली की एन्झाइम, पेक्टिन आणि कॅल्शियम एकाच रसात येतात आणि लगाम सुटतो.

आता प्रश्न पडेल की या एन्झाइमला मानवणारा पीएच ७ ते ८, मग ३.६ ला ते चालतं कसं? मंद चालतं. पण बाटलीकडे दिवसच्या दिवस असतात. फ्रीजचंही तसंच. थंडीत रेणूंची हालचाल मंदावते, एन्झाइमची घडी मात्र मोडत नाही.

८५ अंशांची टाकी, ७१ अंशांचं वास्तव

उष्णतेने एन्झाइम निकामी होतं ते त्याची घडी उलगडल्यामुळे. अमिनो आम्लांची साखळी तुटत नाही. तिला विशिष्ट आकारात धरणारे हायड्रोजन बंध आणि जलविरोधी भागांची जवळीक सुटते. क्रियास्थळी नेमक्या अंतरावर असलेली अ‍ॅस्पार्टिक आम्लं विस्कटतात आणि काम थांबतं.

संत्र्यात या एन्झाइमची एकाहून अधिक रूपं असतात. बहुतांश भाग ७० अंशांवर पाच मिनिटांत निकामी होतो. उरलेलं उष्णतारोधक रूप थोडं असतं, पण चिवट. त्याला ९० अंशांच्या आसपास मिनिटभर लागतं. इतक्या आम्ल रसातले बिघाड करणारे सूक्ष्मजीव तर ७५ अंशांच्या आतबाहेरच आटोक्यात येतात. म्हणून संत्र्याच्या रसाचं पाश्चरीकरणाचं तापमान जंतूंवरून नाही, या एन्झाइमवरून ठरतं. युनिटच्या बाटल्या नासत नव्हत्या पण फाटत होत्या, याचा उलगडा इथे होतो.

आता टाकीचा हिशेब. ३० लिटर पाणी ८५ अंशांवर. त्यात २८ अंशांच्या ४० बाटल्या, म्हणजे ८ किलो रस. शिवाय काच, बाटलीमागे २०० ग्रॅम धरली तर ८ किलो. काचेची उष्णताधारकता पाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणून ती १.६ किलो पाण्याइतकी. सगळं मिसळून येणारं तापमान: ३० × ८५ अधिक ९.६ × २८, भागिले ३९.६. उत्तर सुमारे ७१. शेगडी चालू असल्याने ते हळूहळू पुन्हा चढतं, पण वीस मिनिटं बाटल्या आत गेल्या त्या क्षणापासून मोजली जात होती. बाटलीच्या मधोमध तापमापी घातली तेव्हा विसाव्या मिनिटाला ७६ अंश दिसले. टाकीच्या पाण्यात बुडवलेला तापमापी रसाबद्दल काही सांगत नाही, ही चूक छोट्या युनिटांत फार दिसते.

तापमापी तपासण्याची सोपी रीत: उकळत्या पाण्यात धरा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने इथे पाणी साधारण ९९ अंशांना उकळतं. १०० दाखवणारा तापमापी इथे एक अंश जास्त सांगतोय.

हळू तापवण्यात आणखी एक तोटा आहे. घडी मोडण्याआधी, ४५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात, एन्झाइम सर्वांत जोरात चालतं. दर १० अंशांना वेग दुप्पट होतो असं ढोबळ धरलं, तर ४ अंशांच्या तुलनेत ५४ अंशांना तो ३२ पट. म्हणजे त्या पट्ट्यात रेंगाळलेला एक तास फ्रीजमधल्या सव्वा दिवसाहून अधिक. आणि त्याआधी गंजात २८ अंशांवर गेलेले अडीच तास वेगळेच.

एन्झाइम किती उरलं ते मोजणं

कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते त्या सामानात हे होतं. १ टक्का पेक्टिनचं द्रावण ०.१ मोलर मिठाच्या पाण्यात (लिटरला ५.८५ ग्रॅम मीठ) करायचं. मीठ महत्त्वाचं, कारण हे एन्झाइम गराच्या कणांना चिकटून असतं आणि मिठाने सुटं होतं. द्रावण ३० अंशांवर ठेवून पीएच ७.५ करायचा, ५ मिली रसाचा पीएचही वेगळा ७.५ करून त्यात घालायचा. एन्झाइम आम्लगट उघडे करतं तसा पीएच उतरू लागतो. ०.०२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडत तो ७.५ वरच धरायचा आणि १० मिनिटांत किती मिली लागलं ते लिहायचं.

ताज्या रसाला १.५ मिली लागलं. १.५ × ०.०२ × १००० म्हणजे ३० मायक्रोइक्विव्हॅलंट (उघड्या पडलेल्या आम्लगटांचं माप). १० मिनिटं आणि ५ मिलीने भागलं की मिनिटाला मिलीमागे ०.६. टाकीतल्या बाटलीसाठी १० मिनिटांत जेमतेम दोन-तीन थेंब जातात, ते ब्युरेटवर नीट वाचता येत नाहीत. म्हणून अर्धा तास चालवलं: ०.३७५ मिली, म्हणजे ०.०५. मूळच्या आठ टक्के. चौथ्या बाटलीत पाच टक्के ताजा रस होता, ते आठवा. एक काळजी घ्यायची: हवेतला कार्बन डायऑक्साइडही पीएच उतरवतो. उकळलेल्या रसावर तीच कृती करून येणारा आकडा आधी वजा केला नाही, तर एन्झाइम मेलेलं असूनही जिवंत दिसतं.

कडूपणाचं गणित वेगळं

कडू पदार्थाचं नाव लिमोनिन. संत्र्याच्या बिया, फोडींचे पापुद्रे आणि सालीखालचा पांढरा भाग यांत त्याचा पूर्वगामी (ज्यापासून ते बनतं तो रेणू), लिमोनोएट ए-रिंग लॅक्टोन, असतो. तो बेचव आहे. त्याच्या रेणूत एक कडं उघडं असतं. आम्लात ते बंद झालं की लिमोनिन बनतं. लिटरमागे ६ मिलीग्रॅमच्या आसपास ते बहुतेकांच्या जिभेला कळतं.

कडं बंद करण्याचा वेग वाढवणाऱ्या एन्झाइमला लिमोनिन डी-रिंग लॅक्टोन हायड्रोलेज म्हणतात. हायड्रोलेज म्हणजे पाणी वापरून तोडणारं, मग हे जोडतं कसं? विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. एन्झाइम क्रियेच्या वाटेतला ऊर्जेचा अडथळा कमी करतं, आणि तो दोन्ही दिशांनी कमी होतो. क्रिया कुठल्या बाजूला झुकणार ते परिस्थिती ठरवते. अल्कधर्मी द्रावणात हेच एन्झाइम कडं उघडतं, आम्लात मिटवतं.

अखंड फळात पूर्वगामी पापुद्र्यांच्या आणि बियांच्या पेशींत, आम्लापासून दूर असतो. आम्ल रसपेशींच्या रिक्तिकांत (पेशीतल्या द्रवाच्या पिशव्यांत) कोंडलेलं असतं. स्क्रू प्रेसने पापुद्रे पिळले, बिया भरडल्या आणि दोघांची भेट घडवली. यानंतरची क्रिया एन्झाइमविनाही, नुसत्या आम्लाने, पुढे सरकते. म्हणून इथे एन्झाइम मारून भागत नाही. उष्णता त्या क्रियेला ढकलतेच; उद्या येणारा कडूपणा दहा मिनिटांत येतो. तिसऱ्या बाटलीत हेच झालं.

फळाला स्वतःला यावर उपाय ठाऊक आहे. पिकताना दुसरं एक एन्झाइम, ग्लुकोसिलट्रान्सफरेज, पूर्वगामीला ग्लुकोज जोडतं. ग्लुकोज बसलेल्या रेणूचं कडं मिटून लिमोनिन बनत नाही, आणि तो कडूही नसतो. पण त्या एन्झाइमला लागणारं यूडीपी-ग्लुकोज (जोडायचं ग्लुकोज पुरवणारा रेणू) जिवंत पेशीच बनवते. रस काढला की हे काम संपलं, कडं मिटणं चालू राहिलं. हिरवट फळ बाजारात रंगवून पिवळं करता येतं. इथिलीन वायूने सालीचा रंग बदलतो, आतला साठा तेवढाच राहतो. कोवळ्या आंबिया फळाचा रस जास्त कडवट आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या मुरलेल्या मृग बहाराच्या (पावसाळ्यात फुलणाऱ्या) फळाचा कमी, त्यामागे हेच.

काय बदललं

कडूपणा तापवण्याआधीच अडवायचा, फाटणं झटपट तापवून. क्रम उलटला की दोन्ही हातचे जातात.

स्क्रू प्रेस बंद करून रबरी पात्यांचा पल्पर (गर वेगळा करणारं यंत्र) घेतला, म्हणजे बी अख्खी राहते. फोडी एकदाच फिरवायच्या, चोथा पुन्हा पिळायचा नाही. ४० किलोऐवजी १०-१० किलोच्या पाळ्या, आणि रस निघाल्यावर लगेच अर्ध्या मिलीमीटरच्या चाळणीतून गाळणं. गराचे कण जितके कमी, तितका पूर्वगामी कमी आणि त्यांना चिकटलेलं, रस फाडणारं एन्झाइमही कमी.

तापवण्यासाठी ८ मिलीमीटर आतील व्यासाची स्टीलची नळी गुंडाळून उकळत्या पाण्यात बुडवली. मिनिटाला अर्धा लिटर रस २८ वरून ९१ अंशांवर न्यायला सुमारे २ किलोवॅट उष्णता रसात उतरावी लागते. त्याला ८ मीटर नळी पुरते. पुढे १० मीटर नळी वरून जाड गुंडाळून, नुसती तापमान टिकवायला. या व्यासात अर्धा लिटर म्हणजे १० मीटर लांबी, त्यामुळे सरासरी मुक्काम एक मिनिट. नळीच्या मध्यातला प्रवाह सरासरीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकतो, म्हणून खात्रीचा मुक्काम अर्धाच मिनिट धरायचा. तापमापी या दुसऱ्या नळीच्या शेवटी. तिथे ९० दिसेपर्यंत आधी पाणी फिरवायचं. रस सुरू केल्यावर ९० च्या खाली आलं तर तो परत मागे. ९० वर वीस मिनिटं ठेवण्याचा मोह टाळावा, शिजल्याचा वास येतो आणि क जीवनसत्त्वही जातं.

बाटल्या ६० अंशांच्या पाण्यातून काढून ८५ च्या वरचा रस भरायचा, झाकण लावून तीन मिनिटं आडव्या ठेवायच्या, मग ६०, ४० आणि शेवटी साध्या पाण्यात. काचेला एकदम ४० अंशांहून मोठा फरक सोसत नाही. काम संपलं की नळीतून पाणी, गरम १ टक्का कॉस्टिक सोडा आणि पुन्हा भरपूर पाणी. गर आत वाळला तर दुसऱ्या दिवशी नळी चोंदते.

गटाला मध्येच कुणीतरी बाजारातलं पेक्टिनेज (पेक्टिन मोडणाऱ्या एन्झाइमांचं मिश्रण) घालायला सुचवलं होतं. ते सफरचंदाचा रस नितळ करायला चांगलं. त्या मिश्रणात बहुधा हेच मिथाइल काढणारं एन्झाइमही असतं, इथे ते आगीत तेल ठरलं असतं. निव्वळ पॉलिगॅलॅक्टुरोनेज मात्र साखळीचे इतके लहान तुकडे करतं की कॅल्शियमला बांधायला काही उरत नाही आणि रस गढूळच राहतो. तत्त्व सुंदर आहे, पण इतक्या शुद्ध एन्झाइमचा खर्च या युनिटला झेपणारा नाही. मोठ्या कारखान्यांत लिमोनिन शोषणारे रेझिन वापरतात, त्याचंही तेच.

नव्या रीतीने ४० किलोला १७ ऐवजी साडेचौदा लिटर रस मिळू लागला. सोडियम हायड्रॉक्साइडच्या अर्ध्या तासाच्या मोजणीत (टायट्रेशनमध्ये) वजाबाकीनंतर काहीच उरलं नाही, आणि तीन आठवडे फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाटल्या फाटल्या नाहीत. कडूपणा पुष्कळ कमी झाला, पण हिरव्या फळाच्या दोन खेपांत तो आलाच. त्यासाठी खरेदीच्या वेळची एक चाचणी ठरली: खेपेतली पाच फळं सोलून रस काढायचा, कपभर रस दोन मिनिटं उकळून थंड करून चाखायचा. कडू लागला तर ती खेप बाटलीत जाणार नाही. साखर लिमोनिनची चव दाबते, म्हणून तो रस स्क्वॅशला आणि उरलेला गर संत्रा बर्फीवाल्याला.